गुत्तेदाराच्या हातून सारा काढून घेणारा दिवाण

आपल्याकडं रस्त्याचं काम निघालं की पहिला प्रश्न असतो, गुत्तेदार कोण? पाझर तलाव गुत्त्यावर, शाळेची खोली गुत्त्यावर, नळीचा पूल गुत्त्यावर. पुण्याकडचा माणूस ठेकेदार म्हणेल, पण नांदेड-लातूरकडं तो गुत्तेदारच. शब्द जुना आहे, निजामी राजवटीतला. फक्त त्या काळी गुत्ता रस्त्याचा नसायचा. तुमच्या शेताच्या साऱ्याचा असायचा.

तो गुत्ता ज्या माणसानं मोडला त्याचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, पण भलत्या कारणानं. हैदराबादला गेलात की सालारजंग म्युझियम बघता. तासाला टोले देणाऱ्या घड्याळासमोर गर्दीत उभे राहता, तोंडावर झिरझिरीत बुरखा घेतलेली ती संगमरवरी बाई बघून तोंडात बोट घालता. ते म्युझियम मुख्यतः तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहाचं. बुरख्यातली बाई तेवढी त्यांच्या आजोबांनी 1876 साली रोमहून आणली. हे आजोबा म्हणजे मीर तुराब अली खान, पहिले सालारजंग. आज सांगायचं ते त्यांच्याबद्दल.

त्याआधी थोडं माहूरच्या गडावर चढूया. रेणुकामातेचं दर्शन झालं की आपण सहसा दत्तशिखर, अनसूया करून खाली उतरतो. पुढच्या खेपेला जरा उत्तरेकडं बघा. खाली पैनगंगा आहे. अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ. 1853 च्या आधी या नदीची दोन्ही तीरं निजामाचीच होती. त्या वर्षी पलीकडचं वऱ्हाड कंपनी सरकारकडं गेलं आणि माहूर मोगलाईच्या अगदी कडेला येऊन पडलं. ही नदी सरहद्द झाली ती लढाई हरून नव्हे, उधारी थकली म्हणून. निजामाच्या नावानं इंग्रजांनी एक फौज उभी केली होती, कंटिन्जंट म्हणत तिला. तिची एक छावणी आपल्या हिंगोलीला होती. अंमलदार इंग्रज आणि पगार निजामाच्या तिजोरीतून, असा तो मामला. पगार थकला, कंपनीनं आधी तो आपल्या खिशातून दिला, त्यावर व्याज चढवलं आणि शेवटी वसुलीला बसली. 21 मे 1853 च्या तहानं वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आणि रायचूरचा दुआब एवढं सगळं गहाणवट पडलं.

तह झाला आणि काही दिवसांतच दिवाण सिराज-उल-मुल्क वारले. 31 मे रोजी त्यांच्या पुतण्याला दिवाणगिरी मिळाली. पुतण्याचं वय चोवीस! घराणं दिवाणांचंच, आजोबा दिवाण, पणजोबा मीर आलम दिवाण. पोरानं त्याआधी तेलंगणात काही महिने तालुकदारी केली होती, एवढाच काय तो अनुभव.

आता तिजोरी रिकामी का होती, ते समजून घ्या. सगळी गोम तिथं आहे. राजा चंदूलाल यांच्या काळापासून, म्हणजे 1843 पर्यंतच्या तीसेक वर्षांत, वसुलीची रीतच अशी पडली होती की जो जास्त बोली बोलेल त्याला तालुका. त्यानं हंगामाच्या आधी दिवाणाला रोख रक्कम मोजायची आणि मग रयतेकडून काढून घ्यायची. वसुलीच्या रुपयामागं दोन आण्यांपर्यंत त्याची कटौती असे. पण खरी कमाई तिच्यात नव्हती. दरबाराला किती भरायचं ते ठरलेलं. रयतेकडून किती घ्यायचं ते विचारणारं कोणी नव्हतं. वर आणखी गंमत अशी, की मध्येच दुसऱ्या कोणी जास्त पैसे पुढं केले तर पहिल्याचा गुत्ता जायचा. म्हणजे आपलं राज्य कार्तिकापर्यंत टिकेल की नाही याचा भरवसा नसलेला माणूस आषाढात तुमच्या बांधावर उभा. तो विहीर खोदायला मदत करील, पडलेली जमीन उठवायला बैल देईल, असं कोणाला वाटेल का? तो बी-भरणसुद्धा उचलून नेणार.

यातूनही भागेना तेव्हा दरबारानं सावकारांकडून आणि अरब, रोहिले जमादारांकडून कर्ज काढलं आणि तारण म्हणून तालुकेच लिहून दिले. जमादाराजवळ शिपाई आणि बंदुका होत्या. वसुलीला पुन्हा कचेरी कशाला पाहिजे!

सालारजंगांनी सुरुवात इथून केली. त्यांनी मोठा जाहीरनामा वगैरे काढला नाही. एकेका जमादाराचा हिशोब मांडला, कमी व्याजाचं नवं कर्ज उभं करून जुनं फेडलं आणि तारणातला तालुका सोडवून घेतला. सोडवलेला तालुका पुन्हा गुत्त्यावर न देता तिथं पगारी माणूस बसवला. ही पगाराची गोष्ट किरकोळ वाटते, पण सगळी मेख तीच. ज्याचं पोट वसुलीच्या हिश्शावर नाही त्याला रयतेला पिळून स्वतःचा फायदा नाही. पगारी माणूस लाच खाणार नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही-आम्ही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसांनी तसं म्हणूही नये. पण लाच खाल्ली तर तो गुन्हा ठरतो. गुत्तेदाराचं खाणं हा त्याचा हक्क होता, एवढा तो फरक.

हैदराबादेत जमा-खर्चाचं दप्तर दोन वंशपरंपरागत घराण्यांच्या ताब्यात होतं. त्यातलं एक, रायरायान, मूळचं मराठी ब्राह्मणांचं. कागद त्यांच्या वाड्यात राहायचे, हिशोब बघायचा तर त्यांच्याकडं जावं लागायचं. सालारजंगांनी ही घराणी दुखावली नाहीत, मान-मरातब तसाच ठेवला. फक्त शेजारी सरकारी खजिना आणि हिशोबाची नवी कचेरी उघडली आणि कामाचे कागद हळूहळू तिकडं वळवले. नाण्यांचंही तेच. औरंगाबादकडं गोविंदबक्षी रुपया, आणखी कुठं तिसराच, आणि प्रत्येक ठिकाणी बट्टा. तो बट्टा शेवटी रयतेच्याच डोक्यावर बसायचा. गावोगावच्या टाकसाळी बंद होत गेल्या आणि हाली सिक्का चालू झाला. आपल्याकडची म्हातारी माणसं हाली रुपया आणि कलदार रुपया असा फरक करायची, त्यातला हा हाली.

मग 1865 साली जिल्हाबंदी. मुलखाचे सुभे, सुभ्यांचे जिल्हे, जिल्ह्याचे तालुके. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, त्याच्या हाताखाली दुय्यम आणि सोयम, आणि तालुक्याला तहसीलदार. नांदेड जिल्हा म्हणून जी ओळख आहे ती या बांधणीतली. माहूर-किनवट पुढं आदिलाबाद जिल्ह्यात गेलं आणि 1956 साली नांदेडकडं आलं. माहूर स्वतः तालुका झालं 1999 मध्ये. देशमुख-देशपांड्यांच्या हातून वसुली काढून त्यांना रुसुमाची रोकड लावून दिली. धान्याच्या बटाईऐवजी साऱ्याचा रोख आकार आला. 1875 च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मराठवाड्यात मोजणी सुरू झाली, शेताला नंबर पडू लागले.

रोख आकाराबद्दल मात्र मला एक सांगायचं आहे. बटाईत वाईट वर्षी सरकारचाही हिस्सा घटायचा. रोखीत तसं नाही. पीक बुडो, भाव पडो, रुपये मोजायचेच. ते रुपये सावकाराच्या पेटीत. गुत्तेदार वेशीतून बाहेर गेला त्याच वाटेनं सावकार आत आला. 1876-77 चा दुष्काळ पडला तेव्हा ही वाट चांगली रुळली होती. याचा दोष एकट्या सालारजंगांना देता येत नाही, मुंबई इलाख्यात काही निराळं घडत नव्हतं. पण नवी व्यवस्था उभी राहिली ती मुख्यतः खजिना सावरण्यासाठी, हे विसरू नये. रयतेला मिळालं ते त्या ओघात मिळालं.

1857 चं काय, असं तुम्ही विचाराल. त्या वर्षी 17 जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्या पुढाकारानं रेसिडेन्सीवर चाल झाली. सालारजंगांनी इंग्रजांना आधीच सावध केलं होतं. यावरून त्यांना शिव्या देणारे आहेत आणि मला त्या फार गैर वाटत नाहीत. 1859 च्या मार्चमध्ये दरबारातून बाहेर पडताना त्यांच्यावर हल्लाही झाला, त्यातून ते वाचले. इंग्रजांनी बक्षिशी म्हणून 1860 साली नळदुर्ग आणि रायचूर परत दिलं, पन्नास लाखांचं कर्ज माफ केलं. वऱ्हाड दिलं नाही. उलट नव्या तहात एक कलम घातलं, की वऱ्हाडच्या जमाखर्चाचा हिशोब निजामानं मागायचा नाही. शिल्लक उरली तर तेवढी मिळेल. जन्मभर दुसऱ्यांचे हिशोब तपासणाऱ्या दिवाणाला हे कलम गिळावं लागलं!

पुढं वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला, आगगाडी आली, वसूल वाढला. पण कारभाराचा खर्चही असा वाढता ठेवला की शिल्लक जेमतेम. 1872 पासून सालारजंग लिहीत राहिले की आम्ही एकरकमी भांडवल ठेवतो, त्याच्या व्याजातून फौजेचा पगार भागवा आणि मुलूख परत करा. सावकाराला मुद्दल देऊ करावं आणि त्यानं तारण सोडायला नकार द्यावा, तसं झालं. 1876 साली ते खुद्द विलायतेला गेले. वाटेत पॅरिसला जिन्यावरून पडून जायबंदी झाले. ऑक्सफर्डनं पदवी दिली, लंडन शहरानं मान दिला, मेजवान्या झाल्या. वऱ्हाड सोडून सगळं मिळालं.

घरी काय स्थिती होती? निजाम अफजल-उद-दौला यांचा दिवाणावर काडीचा विश्वास नव्हता. शहराबाहेर पाऊल टाकायचं तरी हुजुरांची परवानगी लागे. 1861 आणि 1867 असं दोनदा त्यांना काढून टाकण्याचं घाटलं. 1869 साली निजाम वारले, गादीवर तीन वर्षांचं पोर बसलं, तेव्हा कुठं सालारजंगांचे हात मोकळे झाले. त्यांनी उत्तरेकडून शिकलेली माणसं आणून मोठ्या जागांवर बसवली. कारभार सुधारला, पण मुलखी आणि गैरमुलखी ही भांडणाची जोडीही तेव्हापासूनच सुरू झाली.

8 फेब्रुवारी 1883 रोजी ते गेले. एका जर्मन पाहुण्यासाठी मीर आलम तलावावर नौकाविहार ठेवला होता, त्यानंतर पटकीनं गाठलं. वय चौपन्न. वऱ्हाड 1902 साली सालीना पंचवीस लाखांवर इंग्रजांना कायमचं लावून दिलं गेलं. पैनगंगेचे दोन्ही काठ पुन्हा एका राज्यात आले ते 1956 साली.

एक गोष्ट राहिली. हा सगळा कायदा, हे तालुके, हे पगारी तहसीलदार होते ते खालसा मुलखात. जहागिरी आणि निजामाचा खासगी सर्फेखास त्याबाहेर होता, आणि तो मुलूख थोडाथोडका नव्हता. स्वतः सालारजंगांचं घराणं मोठं जहागीरदार. लेण्यांचं अजिंठा गाव त्यांच्याच जहागिरीत होतं. पहिल्या सालारजंगांनी तिला हात लावला नाही, त्यांच्या मुलानं आणि नातवानंही नाही. 1949 च्या मार्चमध्ये तिसरे सालारजंग निपुत्रिक वारले आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला हैदराबाद संस्थानातल्या सगळ्या जहागिरी रद्द झाल्या.