रावबहादूर बोले आणि पाणवठ्याचा हक्क

सातिवलीपासून विरारपर्यंत स्थानिक राजकारणात पाण्याचा विषय निघाला नाही, असे सहसा होत नाही. पाणी किती आणि केव्हा, एवढाच आज वाद असतो. परंतु सार्वजनिक पाणवठ्यावर कोणी यावे, हाही एके काळी नगरपालिकांच्या सभांतील वादाचा विषय होता. तो वाद ज्यांच्या ठरावामुळे ऐरणीवर आला, त्या रावबहादूर सीताराम केशव बोले यांचे स्मरण म्हणूनच उद्बोधक ठरते.

भंडारी समाजातून पुढे आलेले बोले मुंबईच्या कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक होत. विद्यार्थी आंबेडकरांच्या सत्कारसभेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात त्यांनी मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. मात्र ती शिफारस होती, कायदा नव्हे. अंमलबजावणी स्थानिक संस्थांच्या हाती होती आणि तेथे मतदारांचा रोष पत्करण्याची तयारी क्वचितच होती.

बोले यांनी हे ओळखले. १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हे धोरण पाळणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. नैतिक आवाहनाला दाद न देणारी संस्था तिजोरीपुढे नमते, हे अर्थशास्त्राचे साधे सूत्र त्यामागे होते.

महाडने या सूत्राची गरज सिद्ध केली. तेथील नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर व त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्याले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव फिरविला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय १९३७ साली आला. पहिल्या ठरावापासून त्या निर्णयापर्यंत १४ वर्षे लोटली!

१९५० च्या राज्यघटनेने हा हक्क मूलभूत ठरविला, तो बोले यांना पाहता आला. १९६१ साली ते निवर्तले. त्यांच्या जीवनाचा बोध असा की, हक्क वरच्या सभागृहात जाहीर होतो, पण त्याची कसोटी गल्लीतील नळापाशी लागते. कोणत्या वस्तीत जलवाहिनी आधी जाते आणि कोणती वस्ती वर्षानुवर्षे रांगेत उभी राहते, हे अंदाजपत्रकच सांगते. नागरिकांनी भाषणांपेक्षा ते वाचावे, हीच बोले यांना खरी आदरांजली होय.