वजनाशी वैर धरलेला माणूस : कॉलिन चॅपमन

१९६४ सालच्या इंग्लंडमधील मोटार शर्यतींची छायाचित्रे पाहिली, तर एक दृश्य वारंवार नजरेस पडते. पांढऱ्या रंगाची, अंगावर हिरवा पट्टा ओढलेली एक छोटी सेडान वळणावर झुकली आहे, तिचे आतल्या बाजूचे पुढचे चाक जमिनीपासून वीतभर वर उचलले गेले आहे आणि चालक जिम क्लार्क मात्र भाजी आणायला निघाल्याइतका निश्चिंत दिसतो आहे. त्याच शर्यतींत सात लिटर इंजिनांच्या अवाढव्य अमेरिकी फोर्ड गॅलेक्सी धावत. आतून लाकडाने आणि चामड्याने सजवलेल्या, सुमारे दीड टन वजनाच्या जॅग्वारही असत. सरळ रस्त्यावर त्या पुढे निघून जात. वळण आले की ही सुमारे १.६ लिटरची गाडी पुन्हा त्यांच्या मागे येऊन चिकटे. त्या वर्षीचे ब्रिटिश सलून कार अजिंक्यपद क्लार्कने याच गाडीवर मिळवले.

गाडीचे नाव लोटस कॉर्टिना. मूळची ती फोर्ड कंपनीची मध्यमवर्गीय कुटुंबासाठीची साधी गाडी. तिचा असा कायापालट करणारा माणूस होता अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. बालपण उत्तर लंडनमधील हॉर्नसी भागात गेले. वडील तेथे रेल्वे हॉटेल चालवीत. युद्ध संपता संपता त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगसाठी प्रवेश घेतला. म्हणजे शिक्षण मोटारींचे नव्हे. पूल, छपरे आणि इमारतींचे. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान उडवायलाही शिकले. या दोन गोष्टी त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली ठरल्या. पूल बांधणाऱ्याला भार कोठून कोठे जातो याचा हिशेब ठेवावा लागतो आणि विमान बांधणाऱ्याला प्रत्येक अनावश्यक किलोची किंमत मोजावी लागते. त्या काळचे मोटार कारखानदार यापैकी काहीच फारशा गांभीर्याने करीत नसत. जाड पोलादी तुळयांचा सांगाडा करायचा, त्यावर वरून पत्र्याची पेटी ठेवायची आणि काही मोडलेच, तर पुढच्या वेळी ते आणखी जाड करायचे, अशी रीत होती.

विद्यार्थिदशेतच ते जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करीत. १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने खासगी वापराचे पेट्रोल बंद केले आणि तो धंदा बसला. शिल्लक राहिलेल्या एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवर चॅपमन यांनी प्लायवूडची नवी बॉडी चढवली. मैत्रीण हेझल विल्यम्स यांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये १९४८ साली तयार झालेली ही गाडी म्हणजे पहिली लोटस. त्याच सुमारास अंतिम परीक्षेत गणिताच्या पेपरने त्यांना दगा दिला. पदवी वर्षभर उशिराने हाती आली. पुढे जगभरच्या अभियंत्यांना भार आणि ताण यांचे गणित नव्याने शिकवणाऱ्या माणसाच्या चरित्रात ही नोंद गमतीची वाटते. हवाई दलात थोडा काळ काढल्यावर ते ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरीला लागले. दिवसा नोकरी, रात्री गाड्या असा क्रम सुरू झाला. १९५२ मध्ये हेझल यांनी दिलेल्या २५ पौंडांवर लोटस इंजिनीअरिंग उभी राहिली. कार्यशाळा होती वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात. दोन वर्षांनी दोघांचा विवाह झाला.

चॅपमन यांचा विचार वरकरणी अगदी साधा होता. इंजिनाची ताकद वाढवली, तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते. पण तिचा उपयोग तेवढाच. वजन कमी केले, तर वेग घेताना, ब्रेक लावताना आणि वळताना, तिन्ही वेळा फायदा होतो. वळणावर गाडीला बाहेर फेकू पाहणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. टायरची पकड मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. जड गाडीला मग रुंद टायर लागतात, मोठे ब्रेक लागतात, कडक स्प्रिंगा लागतात आणि या सगळ्यांनी ती आणखी जड होते. हलक्या गाडीत हेच चक्र उलटे फिरते. म्हणूनच चॅपमन यांच्या गाड्यांच्या स्प्रिंगा सहसा मऊ असत. खडबडीत रस्त्यावरही चाक जमीन सोडत नसे आणि आत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत नसत.

वजन घटवण्याची त्यांची रीत म्हणजे नुसती कापाकापी नव्हती. एका भागाकडून दोन कामे करून घ्यायची आणि दुसरा भाग काढूनच टाकायचा, हा त्यांचा खाक्या. १९५७ च्या एलिट गाडीला वेगळा सांगाडाच नव्हता. फायबर ग्लासची बॉडीच सारा भार पेलत असे. गाडीचे वजन भरले अवघे ५०० किलोच्या आसपास. (प्रत्येक एलिटमागे कंपनीला तोटा होत असे, ही त्या कौतुकाची दुसरी बाजू.) १९६२ च्या लोटस २५ या शर्यतीच्या गाडीत त्यांनी विमानाप्रमाणे पत्र्याचे कवच वापरले आणि चालकाला जवळजवळ आडवे झोपवले. पुढच्या वर्षी क्लार्कने दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेतेपद पटकावले. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये तर चालकाच्या पाठीमागे सांगाडाच संपत होता. इंजिन हाच गाडीचा मागचा अर्धा भाग होता. पहिल्याच शर्यतीत, झांडफूर्ट येथे, ती गाडी जिंकली.

कॉर्टिनाची कहाणी या तुलनेत लहान. परंतु चॅपमन यांची पद्धत आणि तिचे दुखणे, दोन्ही तीत स्वच्छ दिसतात. फोर्डचे वॉल्टर हेज यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ही जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. नियमानुसार शर्यतीत उतरण्यासाठी अशा एक हजार गाड्या बांधणे आवश्यक होते. फोर्डकडून तयार सांगाडे येत आणि लोटसच्या चेशंट येथील कारखान्यात त्यांचे रूप पालटे. दरवाजे, बॉनेट आणि डिकीचे झाकण पोलादाऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे झाले. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे आवरणही हलक्या धातूचे बनले. बॅटरी पुढून उचलून डिकीत गेली. वजन तेवढेच, पण नाकावरचा भार कमी झाला. गाडी जमिनीच्या जवळ आणली गेली. मागचे जड पाटे काढून गुंडाळी स्प्रिंगा आणि इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा एक दांडा बसवण्यात आला.

दुखणे उद्भवले ते याच दांड्यापाशी. तो हलक्या धातूच्या डिफरन्शियलला जोडलेला होता. रस्त्याचे सारे धक्के त्या आवरणावर येऊ लागले, बोल्ट सैल पडू लागले, तेल झिरपू लागले आणि ते तेल दांड्याच्या रबरी जोडांत शिरून त्यांचीही वाट लावू लागले. शर्यतीच्या संघात मेकॅनिक दर आठवड्याला गाडी उघडतात, तेथे हे चालून जाते. ज्याने ती बायकोमुलांना घेऊन फिरायला विकत घेतली, त्याचे काय? अखेर १९६५ मध्ये पाटे परत आले. ॲल्युमिनियमचे दरवाजे त्याआधीच मागणीनुसार मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत गेले होते. गाडी थोडी जड झाली आणि बरीच भरवशाची झाली.

कॉर्टिनातून तेल गळले. शर्यतीच्या गाड्यांत याच वृत्तीने माणसे गेली का, हा प्रश्न चॅपमन यांच्या चरित्रकारांना टाळता आलेला नाही. १९६० मध्ये बेल्जियममधील स्पा येथे सरावाच्या वेळी स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे चाक निखळले. ते गंभीर जखमी झाले. त्याच ठिकाणी माइक टेलर यांच्या लोटसचे स्टिअरिंग तुटले; त्यांनी कंपनीवर दावा ठोकला आणि तो जिंकला. एप्रिल १९६८ मध्ये हॉकनहाइम येथे क्लार्क गेला. त्याच्या अपघाताचे कारण निर्विवादपणे कधीच सिद्ध झाले नाही. टायर निकामी झाल्याचे बहुतेकांचे मत आहे. चॅपमन यांना हा सर्वांत मोठा घाव होता. दोघांचे नाते मालक आणि चालक यापलीकडचे होते आणि क्लार्कचे सर्व २५ ग्रां प्री विजय लोटसमधूनच आलेले होते.

क्लार्कनंतरच्या वर्षी संघात आलेल्या योखेन रिंटचा मात्र या गाड्यांवर विश्वास नव्हता. १९६९ च्या स्पेन ग्रां प्रीमध्ये ग्रॅहॅम हिल आणि रिंट या दोघांच्याही गाड्यांचे मागचे पंख एकापाठोपाठ मोडून पडले. त्यानंतर रिंटने चॅपमन यांना पत्र लिहून कमकुवत भाग बळकट करण्याची विनंती केली. थोडे वजन वाढले तरी गाडी जिंकण्याइतकी वेगवान राहील, असा त्याचा युक्तिवाद होता.

१९७० ची लोटस ७२ ही चॅपमन यांच्या विचाराची परिसीमा होती. चाकांबरोबर वरखाली होणारे वजन घटावे म्हणून पुढचे ब्रेक चाकांतून काढून गाडीच्या अंगात बसवले होते आणि एक दांडा त्यांना चाकाशी जोडत होता. ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात संघातील दुसरे चालक जॉन माइल्स यांच्या गाडीचा असा एक दांडा तुटला, ते बचावले. ५ सप्टेंबरला मोंझा येथे सरावात रिंटची गाडी ब्रेक लावताना अचानक डावीकडे वळून कठड्यावर आदळली. उजवीकडचा दांडा तुटलेला आढळला. रिंट वाचला नाही. त्याने तोवर मिळवलेले गुण कोणालाच ओलांडता आले नाहीत आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद मरणोत्तर त्याच्या नावावर लागले. इटलीत चॅपमन यांच्यावर खटला चालला; न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. कठडा नीट बसवलेला नव्हता आणि रिंट सुरक्षापट्ट्याचे खालचे बंध वापरीत नसे, हेही खरे. तथापि त्याने पत्रातून मागितलेले थोडेसे जादा वजन त्या दांड्याला मिळाले असते तर, हा विचार मनातून जात नाही.

त्याच लोटस ७२ वर १९७२ मध्ये एमर्सन फिटिपाल्डी जगज्जेता झाला. १९७८ मध्ये गाडीखालून वाहणाऱ्या हवेनेच तिला जमिनीशी चिकटवून ठेवण्याच्या युक्तीवर मारिओ आंद्रेत्तीने विजेतेपद मिळवले. वजन न वाढवता पकड वाढवण्याची ही कल्पना चॅपमन यांना न सुचती तरच नवल. त्यांच्या हयातीत संघाला सात वेळा सांघिक अजिंक्यपद मिळाले. विजयाच्या क्षणी डोक्यावरची काळी टोपी हवेत भिरकावणारे चॅपमन हे त्या काळातील प्रेक्षकांच्या ओळखीचे दृश्य होते.

शेवटचा अध्याय उदास आहे. अमेरिकी उद्योजक जॉन डीलोरियन यांच्या मोटारीचे अभियांत्रिकी काम लोटसने घेतले. ब्रिटिश सरकारने उत्तर आयर्लंडमधील त्या कारखान्यात ओतलेल्या पैशांतील मोठी रक्कम वाटेत नाहीशी झाली. चौकशीचे ढग जमत असतानाच १६ डिसेंबर १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन यांचे निधन झाले. वय ५४. कंपनीचे अर्थप्रमुख फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असते, तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा ठोठावली असती, असे न्यायाधीशांनी त्या वेळी सुनावले.

त्यांच्या पश्चात लोटस अनेक मालकांच्या हातांतून गेली. जनरल मोटर्सच्या काळात, १९९० मध्ये, तिने लोटस कार्लटन ही आलिशान सेडान तयार केली. वजन १६०० किलोहून अधिक. चिनी उद्योगसमूह गीलीने २०१७ मध्ये कंपनीचा ताबा घेतल्यानंतर, २०२३ मध्ये इमेया ही विजेवर चालणारी लोटस जगापुढे आली. चार दारे, आलिशान आसने, प्रचंड वेग. बॅटऱ्यांसह तिचे वजन अडीच टनांच्या घरात जाते. तेवढ्या वजनात हॉर्नसीच्या त्या तबेल्यातील माणसाने पाच एलिट बांधल्या असत्या.