आर्थर रॅन्सम आणि त्यांचे कुमार वाचक

इंग्रजी कुमारसाहित्यात निसर्ग आणि साहस यांची सांगड घालणारे आर्थर रॅन्सम यांचे चरित्र बहुधा त्यांच्या रशियातील वास्तव्याच्या अंगाने सांगितले जाते. क्रांतिकाळातील वार्ताहर, ट्रॉट्स्की यांच्या सचिव येवगेनिया शेलेपिना यांच्याशी १९२४ मध्ये झालेला विवाह, हा सारा भाग नाट्यमय आहे खरा. परंतु कादंबरीकार रॅन्सम समजून घ्यायचे तर तो काहीसा बाजूला ठेवावा लागतो. वाचकाचा प्रतिसाद ही त्यांच्या बाबतीत पुस्तक छापून झाल्यानंतरची घटना नव्हती. त्यांच्या कादंबरीलेखनाच्या उंबरठ्यावरच एक प्रतिसाद उभा आहे आणि उत्तरायुष्यातील कटुतेचे एक मूळही वाचकांच्या प्रश्नांतच सापडते.

रॅन्सम यांचा जन्म १८ जानेवारी १८८४ रोजी लीड्स येथे झाला. वडील इतिहासाचे प्राध्यापक होते. सुट्टीत हे कुटुंब कॉनिस्टन सरोवराच्या दक्षिण टोकाशी असलेल्या निब्थवेट येथील शेतघरी मुक्कामाला जाई. १८९७ मध्ये वडील निवर्तले. सरोवर मात्र मनातून गेले नाही. तरुणपणी लंडनमध्ये लेखणीवर पोट भरण्याची धडपड चालू असताना त्याच सरोवराकाठी राहणारे चित्रकार व लेखक डब्ल्यू. जी. कॉलिंगवुड यांचे घर त्यांना दुसरे घर झाले. १९१३ मध्ये लोककथांच्या अभ्यासासाठी ते रशियास गेले. तेथील लोककथांचा त्यांचा संग्रह १९१६ मध्ये निघाला. मुलांशी बोलण्याची लय त्यांनी तेथेच कमावली असावी. १९२५ मध्ये ते पुन्हा सरोवर-प्रदेशात स्थायिक झाले.

कॉलिंगवुड यांची कन्या डोरा हिचा विवाह सीरियातील अलेप्पो येथील डॉक्टर अर्नेस्ट आल्टुन्यान यांच्याशी झाला होता. १९२८ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब कॉनिस्टनला आले, मुलांसाठी 'स्वॉलो' आणि 'मेव्हिस' या दोन शिडाच्या नावा घेतल्या गेल्या आणि मुले नौकानयन शिकली. १९२९ च्या जानेवारीत मुलांनी रॅन्सम यांना वाढदिवसाची भेट म्हणून तांबड्या तुर्की सपातांचा जोड दिला. त्याची परतफेड म्हणून वसंतात लेखन सुरू झाले आणि जुलै १९३० मध्ये 'स्वॉलोज अँड अ‍ॅमेझॉन्स' प्रसिद्ध झाली. सपातांच्या बदल्यात लिहिलेले पुस्तक, असा उल्लेख असलेली अर्पणपत्रिका तिच्यावर होती. टिटी आणि रॉजर ही आल्टुन्यान भावंडांची नावे कादंबरीत तशीच आली. मात्र प्रत्यक्षात थोरली मुलगी होती, तर कादंबरीत थोरला जॉन आहे. हा फरक पुढील वादात महत्त्वाचा ठरतो.

१९३० ते १९४७ या काळात बारा कादंबऱ्या झाल्या. 'पिजन पोस्ट' या कादंबरीस १९३६ चे पहिले कार्नेगी पदक लाभले. रॅन्सम यांचा निसर्ग हा वर्णनाचा पडदा नव्हे. वारा कोठून येतो, शीड कधी आखडावे, ओल्या लाकडावर चूल कशी पेटते, हे ठाऊक असल्यावाचून त्यांच्या पात्रांचे पाऊल पुढे पडत नाही. 'वुई डिडन्ट मीन टू गो टू सी' लिहिताना त्यांनी स्वतः उत्तर समुद्र ओलांडून फ्लशिंगपर्यंत नाव नेली. हा काटेकोरपणा वाचकाला उद्देशून होता: पुस्तक मिटून मुलाने नाव पाण्यात लोटली, तर ती बुडता कामा नये. भूगोल मात्र त्यांनी मुद्दाम मोडला. कॉनिस्टन आणि विंडरमिअर यांच्या मिश्रणातून त्यांनी एकच सरोवर घडविले. कादंबरीतील मुले जवळच्या डोंगराला कांचनगंगा म्हणतात. आपल्या वाचकाला याचे हसू येईल, पण मूळ डोंगर कॉनिस्टनचाच आहे.

वाचकांची पत्रे येऊ लागली आणि त्यांतून दोन प्रवृत्ती स्पष्ट झाल्या. एक, खेळात सामील होऊ पाहणारी. १९३७ मध्ये कॅथरिन हल आणि पामेला व्हिटलॉक या दोन शाळकरी मुलींनी रॅन्सम यांच्या वळणावर, परंतु एक्समूरच्या माळावर घोड्यांसह घडणारी एक अखंड कादंबरी लिहून त्यांच्याकडे धाडली. रॅन्सम हस्तलिखित घेऊन आपल्याच प्रकाशकाकडे गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या प्रस्तावनेसह 'द फार-डिस्टन्ट ऑक्सस' प्रसिद्ध झाली. पूर्व आफ्रिकेत वसाहतीच्या सेवेत असलेले पक्षी-अभ्यासक माइल्स नॉर्थ यांनी तर कथानकच सुचविले. घरट्यावरील दुर्मिळ पाणपक्ष्यास अंडी गोळा करणाऱ्यापासून वाचविण्याची 'ग्रेट नॉर्दर्न?' (१९४७) ही अखेरची कादंबरी त्यातून आली आणि ती नॉर्थ यांनाच अर्पण झाली. घरातील वाचक मात्र कठोर होती. येवगेनियाबाईंना 'द पिक्ट्स अँड द मार्टर्स' रुचली नाही, म्हणून रॅन्सम यांनी ती काही काळ बाजूला ठेवली. १९४३ मध्ये ती निघाली.

दुसरी प्रवृत्ती शोध घेणाऱ्यांची. ही मुले खरी कोण, बेट नेमके कोठे, असे हे वाचक विचारीत. हा प्रश्न रॅन्सम यांना उत्तरोत्तर असह्य झाला. पात्रे आपल्या कल्पनेतून आणि बालपणातून आली आहेत, त्यांचे श्रेय मूळ मुलांकडे जाऊ नये, हा त्यांचा आग्रह निराधार नाही. वर दर्शविलेला फरक त्यास पुष्टीच देतो. परंतु १९५८ मध्ये लिहिलेल्या टिपणात कॉनिस्टनवरील स्वतःचे बालपण सांगताना त्यांनी आल्टुन्यान मुलांचा निर्देशही केला नाही आणि पुढील आवृत्त्यांतून अर्पणपत्रिका गाळली. त्या कुटुंबाच्या जिव्हारी लागावे असेच हे होते. कल्पनेचे स्वातंत्र्य राखण्यासाठी सपातांचे ऋण नाकारण्याची गरज नव्हती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जे लेखक अनोळखी शाळकरी मुलींच्या हस्तलिखितासाठी प्रकाशकाचे दार ठोठावतात, तेच आपल्या पहिल्या वाचकांना पुस्तकाच्या पानावरून उठवितात, ही विसंगती त्यांच्या चरित्रकारांना टाळता आलेली नाही.

रॉजर आल्टुन्यान पुढे डॉक्टर झाले आणि दम्यावरील एका महत्त्वाच्या औषधाचा शोध त्यांच्या नावे नोंदला गेला. ३ जून १९६७ रोजी रॅन्सम यांचे निधन झाले; सरोवर-प्रदेशातच रस्लंड येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन आहे. 'मेव्हिस' ही नाव पुढे कादंबरीतील 'अ‍ॅमेझॉन' हे नाव धारण करून कॉनिस्टनच्या रस्किन संग्रहालयात विसावली.