मदर जोन्स आणि लष्करी कायदा
आयर्लंडांत जन्मलेल्या मेरी हॅरिस जोन्स बाईंचे पति व चारही मुलें 1867 सालीं मेम्फिस येथें पीतज्वरानें गेलीं. पुढें खाणमजुरांनीं त्यांस आई मानलें. 1912 सालीं वेस्ट व्हर्जिनियांतील कोळशाच्या खाणींचा संप चिघळतांच गव्हर्नरानें लष्करी कायदा पुकारला. 1913 सालीं पंचाहत्तरीच्या या वृद्धेस त्या टापूबाहेर, चार्ल्स्टन शहरीं पकडून टापूंत नेलें व लष्करी न्यायासनापुढें उभें केलें! मुलकी न्यायालयें उघडीं असतां नागरिकाचा न्याय शिपायांनीं करूं नये, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1866 चा दंडक; पण खाणमालकांच्या मुलुखांत तो विचारतो कोण? राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेंही सरकारचीच पाठराखण केली, याचें आम्हांस अधिक वैषम्य वाटतें. बाईंनीं त्या न्यायासनाचा अधिकारच मानला नाहीं. मे महिन्यांत नव्या गव्हर्नरानें त्यांस सोडलें. 1914 सालीं कोलोरॅडोंत त्या पुन्हां लष्कराच्या कैदेंत होत्या.