बोरघाटात रेल्वे चढवणारे बर्कले कोण होते?

मुंबई-पुणे रेल्वेचा बोरघाट ज्यांनी आखला, त्या जेम्स बर्कले यांना तिथून धावणारी गाडी पाहता आली नाही.

लंडनमध्ये १८१९ साली जन्मलेले बर्कले १८५० मध्ये जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले. १८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी धावली. पुढे सह्याद्री आडवा होता.

खड्या चढावर वाफेच्या इंजिनाची चाके घसरतात. म्हणून त्यांनी सुमारे २५ किलोमीटरचा वळणावळणाचा मार्ग आणि २५ बोगदे आखले. खंडाळ्याजवळ वळायला जागाच नव्हती. तिथे इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने चढायचे ठरले.

१८५६ मध्ये काम सुरू झाले. एका वेळी ४० हजारांवर मजूर राबत. कॉलरा, ताप आणि अपघातांत हजारो दगावले. प्रकृती ढासळल्याने बर्कले मायदेशी परतले आणि ऑगस्ट १८६२ मध्ये वारले. आठच महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला.

विसाव्या शतकातली ब्रिटिश बनावटीची प्रवासी इंजिनेही याच चढावरून पुण्याला येत. १९२९ मध्ये घाटात विजेची इंजिने आली आणि उलट फिरण्याची ती जागाही कायमची सुटली.