सोन्याचं नाक लावून फिरणाऱ्या टायको ब्राहेचं पितळ ४०० वर्षांनी उघडं पडलं

साल १५६६. जर्मनीतल्या रोस्टॉकमध्ये शिकणाऱ्या २० वर्षांच्या डॅनिश सरदारपुत्राचं आपल्याच एका नातेवाईकाशी वाजलं. भांडण म्हणे गणितावरून होतं. अंधारात तलवारी निघाल्या आणि पोराचं नाक कापलं गेलं.

हा पोरगा म्हणजे टायको ब्राहे. पुढे तो आयुष्यभर धातूचं नाक चिकटवून फिरला. ते सोन्याचांदीचं आहे अशी ख्याती होती.

नाक गेलं, पण नजर शाबूत होती. १५७२ मध्ये त्याने आकाशात नवा तारा टिपला आणि तारे कधी बदलत नाहीत या समजुतीला तडा गेला. डेन्मार्कच्या राजाने खूश होऊन त्याला व्हेन नावाचं अख्खं बेट दिलं. तिथे वेधशाळा उभी राहिली, तळघरात किमयेची प्रयोगशाळा. दुर्बीण यायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या त्याच्या नोंदी तेव्हा जगात सगळ्यात अचूक होत्या.

नव्या राजाशी बिनसलं आणि गडी प्रागला गेला. तिथे मदतनीस मिळाला केपलर.

ऑक्टोबर १६०१ मध्ये एका मेजवानीत मधेच उठणं बरं दिसत नाही म्हणून ब्राहे लघवी दाबून बसला. घरी आल्यावर लघवीच अडली. ११ दिवसांत खेळ खल्लास, वय ५४.

१९०१ मध्ये कबर उघडली, तेव्हा कवटीवर नाकापाशी हिरवे डाग दिसले. पुढे दाढीच्या केसांत पारा सापडला आणि विषप्रयोगाची चर्चा सुरू झाली. संशय थेट केपलरवर, कारण त्या नोंदी त्याच्याच हाती लागल्या.

पण पुरलेलं हाड आजूबाजूचे धातू शोषून घेतं. त्यामुळे सापडलेला धातू जिवंतपणी पोटात गेला की नंतर बाहेरून मुरला, हे आधी ठरवावं लागतं. २०१० मध्ये डॅनिश आणि चेक संशोधकांनी कबर पुन्हा उघडली. हाडात शेवटच्या काही वर्षांचा हिशोब असतो, दाढीत शेवटच्या काही आठवड्यांचा. दोन्ही तपासले. जीव जाईल इतका पारा कुठेच नव्हता. केपलर सुटला.

आणि ते हिरवे डाग? त्या हाडात तांबं आणि जस्त जवळपास सारख्याच प्रमाणात मुरलेलं निघालं. म्हणजे नाक चक्क पितळेचं होतं.