बहिणाबाईंची चूल

गेल्या हिवाळ्यात धुळ्याला भाच्याकडे गेलो होतो. त्याने गच्चीवर एक नवी वस्तू आणून ठेवली होती. बीडाची, काळी, पोट सुटलेली आणि वर आखूड धुराडे असलेली शेगडी. चिमेनिया हे तिचे नाव. मूळची मेक्सिकोकडची. तिकडे ती मातीची करीत, आता बीडाचीही निघते. थंडीत चार माणसांनी भोवती खुर्च्या टाकून बसायचे, एवढाच तिचा उपयोग. सोबत बारीक अक्षरांतले माहितीपत्रक होते. जन्मभर कर्जाच्या करारांतली बारीक कलमे वाचण्यात घालवलेला मामा घरात आलाच आहे, तर त्यानेच ते वाचावे, असे भाच्याने ठरवून टाकले.

मी चष्मा लावून वाचू लागलो. पहिले तीन-चार जाळ अगदी लहान करावेत. तळाशी वाळूचा थर द्यावा. ओले लाकूड जाळू नये. पेटत नाही म्हणून रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. तापलेल्या बीडावर पाणी टाकू नये. बंद खोलीत, मांडवाखाली, झाडाच्या फांदीखाली पेटवू नये. राख पुरती निवल्याशिवाय काढून टाकू नये. वाचताना मला हसू आले. ही सगळी कलमे मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती, आणि तीही बहुतेक वेळा पाठीत धपाटा बसल्यानंतर. आजीवरून मन आणखी मागे गेले आणि आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आठवल्या.

बहिणाबाईंचे चरित्र आपण नेहमी शेतापासून सांगतो. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी. त्यात चूक काही नाही. पण शेतकऱ्याघरच्या बाईचा दिवस शेतात सुरू होत नाही आणि शेतात संपतही नाही. तो चुलीपाशी सुरू होतो आणि चुलीपाशीच संपतो. म्हणून आज त्यांच्याकडे जरा या बाजूने पाहू.

जळगावपासून अगदी जवळ असलेल्या आसोद्याला, उखाजी महाजनांच्या घरी, १८८० साली नागपंचमीच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. आईचे नाव भिमाई. तीन भाऊ, तीन बहिणी असे भरलेले घर. शाळेचा प्रश्नच नव्हता. अक्षर त्यांना जन्मभर आले नाही. त्या काळच्या मुलीची शाळा म्हणजे घरातल्या मोठ्या बायकांच्या मागे मागे हिंडणे, आणि त्या शाळेतला एक मोठा विषय म्हणजे विस्तव. कोणते सरपण लवकर पेट घेते, कोणते टिकते, गोवरीची आच मंद का आणि पऱ्हाटीची भडक का, हे पोरीला दहाव्या वर्षाच्या आत कळावे लागे. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि त्या जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरींच्या घरी आल्या. आज तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती आपण गॅसचा लायटर देतानाही दोनदा विचार करतो.

चूल म्हणजे काय, हे आताच्या घरांत समजावून सांगावे लागते. माती, भुसा आणि शेण मळून ती घालायची, सावलीत वाळू द्यायची. घाईने मोठा जाळ केला की आतला ओलावा वाफ होऊन बाहेर पडायला धडपडतो आणि चूल तडकते. म्हणून आधी काटक्यांचा लहान जाळ, मग हळूहळू मोठा. रोज सकाळी राख काढून पोतेरे फिरवायचे, भेग दिसली की त्याच दिवशी लिंपायची. राख काढायची ती सगळी नाही. थोडी तळाशी ठेवायची, म्हणजे वरचे निखारे टिकतात. भाच्याच्या माहितीपत्रकातला वाळूचा थर तो हाच. काढलेली राख भांडी घासायला आणि डाळी-कडधान्ये किडीपासून राखायला जाई.

लोखंडी आणि बीडाच्या भांड्यांचे शास्त्र त्याच्याच शेजारचे. बीडात कार्बन पुष्कळ, साधारण तीन-चार टक्के, त्यामुळे ते कडक असते पण ठिसूळही असते. वजन पेलेल, धक्का पेलणार नाही. तापलेल्या बीडावर गार पाणी पडले की वरचा भाग एकदम आक्रसतो, आतला फुगलेलाच राहतो, आणि भांडे टण्ण आवाज करून चिरते. ज्यांनी हा आवाज ऐकला आहे त्यांना त्यानंतरचे सासूचे बोलणेही आठवत असेल. आपल्याकडे आखजीला खापराची पुरणपोळी होते, तिथे तर उपडे मातीचे खापरच जाळावर असते. हातांवर वाढवलेला तो मोठा मांडा त्यावर टाकताना बाईला आच डोळ्यांनी जोखावी लागते. थर्मामीटर कुणी पाहिला होता?

पण खानदेशातल्या घरात विस्तव सांभाळायचे आणखी एक कारण होते, ते म्हणजे कापूस. मी बँकेत असताना पीककर्जाच्या पाहणीसाठी जळगाव-धुळ्याची खेडी पुष्कळ हिंडलो. वेचणी झाली आणि भाव पडलेला असला की कापूस घरात भरला जाई. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, छतापर्यंत पांढरे ढीग आणि त्यांच्यातून जाण्यापुरती वाट. त्या वाटेच्या टोकाला स्वयंपाकघर असे आणि तिथे चूल धडधडत असे. कापसात ठिणगी पडली तर लगेच भडका उडेलच असे नाही. ती आतल्या आत धुमसत राहते आणि मध्यरात्री घर पेटते. वर्षाची सगळी कमाई, कर्जाच्या हप्त्यासकट, एका ठिणगीच्या भरवशावर ठेवलेली असे. मी तारणाच्या रकान्यात क्विंटल लिहून घ्यायचो. ते तारण खरे कोण राखत होते याचा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

बहिणाबाईंचे घरही कापसाच्या मुलखातलेच. त्यांच्या गाण्यांत विस्तव जितका ओळखीचा होऊन येतो, तितका मराठी कवितेत क्वचितच आला असेल. न पेटणाऱ्या चुलीवर त्यांचे एक अख्खे गाणे आहे. त्यात त्या चुलीतल्या विस्तवाशी, एखाद्या हटून बसलेल्या घरच्या माणसाशी बोलावे तसे बोलतात. त्याला चिडवतात, विनवतात, कातावतात. ते गाणे वाचून आपण हसतो, पण त्यातला धूर खरा आहे. पावसाळ्यात सरपण ओले, खोलीला धूर जायला धाब्यातल्या भोकाखेरीज वाट नाही, आणि बाई फुंकणी घेऊन डोळे चोळीत बसलेली. ओले लाकूड पेटते तेव्हा बरीच आच त्यातले पाणी उडवण्यातच जाते. जाळ थंड राहतो, लाकूड अर्धवट जळते आणि उरलेले सगळे धूर होऊन नाकाडोळ्यांत जाते. घरातल्या चुलींच्या अशा धुराने जगात २०२० साली सुमारे ३२ लाख माणसे अकाली गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्याकडे २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून घरोघर गॅस पोचला, तरी सिलिंडर संपला की कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते, हे खेड्यात नातेवाईक असणाऱ्यांना सांगायला नको.

संसाराला त्यांनी तापलेल्या तव्याशी जोडले ते गाणे तर १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून घराघरांत गेले. आज ते लग्नपत्रिकांवरही छापतात. छापणाऱ्यांनी ते कुणाचे आहे, हे जरा आठवावे असे मला नेहमी वाटते. ऐन तिशीत बहिणाबाईंचे पती वारले. पदरात काशी, ओंकार आणि सोपान ही तीन मुले. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा, म्हणजे तो तेव्हा अगदीच लहान. त्या वर्षांत खानदेशात प्लेगच्या साथी येत-जात होत्या, आणि त्या दुखण्याने ओंकारला कायमचे अपंगत्व दिले. अशा घरात बाईला दिवसभर शेत, संध्याकाळी चूल आणि रात्री जागरण. चटका बसणे हा तिथे शब्दालंकार नव्हता. हाताला खरोखरचे फोड येत. त्यांच्या गाण्यांत रडगाणे नाही म्हणून आपण त्यांचे कौतुक करतो. मला वाटते, जिला उद्या पहाटे पुन्हा तोच तवा ठेवायचा आहे, तिला त्यावर फार वेळ रडत बसणे परवडत नसावे.

रात्री निजण्याआधीचे शेवटचे काम म्हणजे निखारे राखेखाली पुरणे. काडेपेटी महाग, म्हणून पहाटेसाठी विस्तव राखायचा. मेला तर शेजारी गोवरी घेऊन मागायला जायचे. ज्या घरचा विस्तव वरचेवर मरतो त्या घरच्या बाईचे चार शब्द निघत. मात्र निजायच्या खोलीत निखारे नेऊ नयेत, हे त्या बायकांना पक्के ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते. नोकरीच्या पहिल्या हिवाळ्यात साक्रीकडच्या एका खेड्यात मी कोळशाची शेगडी खोलीत घेऊन, खिडकी लावून झोपलो. पहाटे दूधवाल्या म्हातारीने दार बडवले नसते तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो. डोके ठणकत होते, पाय उभे राहत नव्हते. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. म्हातारीने आधी दार-खिडकी सताड उघडली, मला अंगणात ओढले, आणि मग माझ्या शिक्षणाबद्दल जे बोलायचे ते बोलली.

बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात गेल्या. त्यांची गाणी काम करता करता तोंडातून निघत, आणि सोपानदेव व मावसबंधू पितांबर चौधरी त्यांतली काही उतरवून घेत. न उतरवलेली किती गेली त्याला हिशेब नाही. पुढे सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती छापण्याचा आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघाले. सोपानदेव तेव्हा स्वतः नावाजलेले कवी होते, तरी आईची गाणी लोकांसमोर ठेवायला ती जाईपर्यंत थांबले. संकोच असेल. आपण सगळेच आईच्या बाबतीत थोडे असे असतो. पुढे २०१८ मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे नाव आज आमच्या पोरांच्या पदवीवर असते.

त्या संध्याकाळी भाच्याने चिमेनिया पेटवली. पऱ्हाट्या वाळलेल्या मिळाल्या होत्या, जाळ चांगला धरला. जळगावहून आणलेली भरताची वांगी भाजली, कुणी मिरच्या-लसूण कुटले, पोरे अंगावर चादरी ओढून जाळाशेजारी सरकू लागली तेव्हा सुनेने चादरी काढायला लावून स्वेटर चढवले. दहाच्या सुमारास भाचा पाण्याची बादली घेऊन विझवायला निघाला. मी त्याचा हात धरला आणि जाळ आपोआप बसू दिला. सकाळी तो राख प्लॅस्टिकच्या घमेल्यात ओतणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून माझी बहीण ओरडली. मग तेलाचा जुना पत्र्याचा डबा शोधला, त्यात राख भरली, झाकण लावले आणि डबा गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात ठेवला. दुपारी हात लावून पाहिला तर बूड अजून गरम होते.